खोल पाण्यातली मुशी

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या मागच्या पडवीत चहा घेत बसलो होतो. एवढ्यात उत्तनच्या कोळीवाड्यातली एक मावशी डोक्यावरची पाटी उतरवून दारात उभी राहिली. "फादर, मुशी हाय. ताजी. तुमच्यासाठीच ठेवली." मी पैशाचा विषय काढताच तिचा चेहरा उतरला, म्हणून तो तिथेच सोडला. आमचा स्वयंपाकी गावाला गेला होता. तेव्हा मावशीनेच पदर खोचला, विळी मागून घेतली आणि मोरीजवळ बसून मुशीचे पोट उघडले.

पोटात पिल्ले होती. वीतभरही लांब नसलेली, पण अगदी पूर्ण घडलेली: डोळे, पर, शेपटी सारे काही जागच्या जागी. प्रत्येक पिल्लू एका बारीक दोरीसारख्या नाळेने आईच्या गर्भाशयाला बांधलेले. मावशीने ती मोजली. "अकरा. भरलेली होती," ती म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हते आणि खेदही नव्हता. बोंबील, जवळा, मुशी हे सारे समुद्राचे देणे आहे आणि समुद्र पुन्हा देतो, हा तिच्या घराण्याचा कित्येक पिढ्यांचा अनुभव. दुपारी मीही ते कालवण नेहमीच्याच चवीने जेवलो, हे कबूल केले पाहिजे. मात्र जेवताना मन वारंवार दुसऱ्याच एका मुशीकडे जात होते. ती मी उत्तनला नव्हे, कोचीनच्या धक्क्यावर पाहिली होती.

मावशीच्या पाटीतल्या मुशीशी माझी ओळख तशी जुनी. सेमिनरीत जाण्यापूर्वी मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी होतो. त्या काळी प्राणिशास्त्र घेतलेल्या प्रत्येक मुलाच्या पुढ्यात, मेणाच्या तबकात, टाचण्यांनी खिळलेली एक लहान मुशी येत असे. तिचे शास्त्रीय नाव स्कॉलिओडॉन. फॉर्मलिनच्या वासाने डोळ्यांतून पाणी येई आणि मास्तर मेंदूतून निघणाऱ्या नसा शोधायला सांगत. माझे लक्ष मात्र यकृताकडे जाई. दोन लांबलचक, पिवळसर पाळी जवळजवळ सारे पोट व्यापून बसलेली. एवढ्याशा माशाला एवढे मोठे काळीज कशाला, असे मी विचारले. मास्तर म्हणाले, "तरंगायला."

आमच्या कोळी बांधवांना हे उत्तर पटकन उमगेल. घोळीच्या पोटातला भोत त्यांना चांगलाच ठाऊक असतो. घोळ दुर्मीळ झाल्यापासून त्या भोताला सोन्याचा भाव आला आहे. भोत म्हणजे हवेची पिशवी. तिच्या बळावर मासा पाण्यात हव्या त्या उंचीवर राहतो. मुशीला, म्हणजे कोणत्याही शार्कला, भोत नसतो. तिचा सांगाडाही हाडांचा नसतो, हलक्या कूर्चेचा असतो, आणि उरलेली उणीव यकृतातले तेल भरून काढते. तेल पाण्याहून हलके. हवेच्या पिशवीला खोल पाण्याचा दाब चिरडू शकतो, तेलाला मात्र तो फारसा दाबू शकत नाही. म्हणून जसजसे खोल जावे तसतसे शार्कचे यकृत मोठे आणि तेलकट होत गेलेले दिसते.

आता कोचीनची गोष्ट. २०१८ साली धर्मगुरूंच्या एका मेळाव्यासाठी मी तिथे गेलो होतो. सेमिनरीतला माझा एक जुना सोबती मूळचा तिकडचा. एके दिवशी पहाटे तो मला तोप्पुमपडीच्या मासेमारी बंदरावर घेऊन गेला. तिथल्या खोल समुद्रातल्या नौकांवर बहुतेक माणसे कन्याकुमारी जिल्ह्यातल्या तूत्तूर आणि आसपासच्या गावांची. ही गावे आपल्यासारखीच कॅथलिक कोळ्यांची, संत फ्रान्सिस झेवियर यांची पावले लागलेल्या किनाऱ्यावरची. शेकडो गळ लावलेला लांब दोर सोडून शार्क पकडण्यात त्यांचा हात धरणारे देशात कोणी नाही.

लिलावासाठी ओळीने मांडलेल्या माशांत एका मुशीपाशी मी थबकलो. लांबी साधारण माझ्या छातीपर्यंत येईल एवढी, रंग राखाडी-तपकिरी. पाठीवर दोन पर आणि प्रत्येक पराच्या पुढच्या कडेला एकेक टोकदार काटा. या काट्यांवरूनच शास्त्रज्ञांनी या गोत्राला सेंट्रोफोरस, म्हणजे ग्रीक भाषेत काटा धारण करणारा, असे नाव दिले. इंग्रजीत हिला गल्पर शार्क म्हणतात. पण मला खिळवून ठेवले ते तिच्या डोळ्यांनी. मोठे, हिरवे डोळे. मरून कितीतरी तास झाले होते, तरी बंदरावरच्या दिव्याच्या उजेडात ते मांजराच्या डोळ्यांसारखे चमकत होते. बुबुळामागे आरशासारखा एक पडदा असतो. अंधारात डोळ्यात शिरलेला प्रकाशाचा कणही वाया जाऊ नये म्हणून तो त्याला परत फिरवतो. दोनशे मीटरांपासून हजार-बाराशे मीटरांपर्यंतच्या पाण्यात, जिथे सूर्य म्हणजे निळसर आठवण किंवा तीही नाही, तिथे हिचा संसार.

उत्तनच्या नौकांना अशी मुशी सहसा का दिसत नाही, हेही सांगायला हवे. मुंबईसमोरचा समुद्र दूरवर उथळ आहे. किनाऱ्यापासून तळ हळूहळू उतरत जातो आणि खरा कडा यायला सुमारे तीनशे किलोमीटर जावे लागते. आपली डोल जाळी त्या उथळ, गढूळ, भरल्या पाण्यातली. केरळच्या किनाऱ्यापासून मात्र कडा पुष्कळ जवळ आहे. म्हणून आपले शेजारपण वेगळ्या मुशीशी आणि त्यांचे वेगळ्या.

माझ्या सोबत्याने लिलावातल्या एका माणसाला विचारून मला त्या मुशीचे पोट दाखवले. आत एकच पिल्लू होते. त्याच्या पोटाला नारिंगी-पिवळ्या बलकाची मोठी थैली लटकत होती. नाळ नाही, वार नाही. मावशीच्या मुशीत आणि हिच्यात हा मुळातला भेद, आणि त्याचा उलगडा मला नंतर पुस्तके चाळताना झाला. आपल्या उथळ पाण्यातली मुशी जेमतेम एक मिलिमीटरचे अंडे घेऊन आरंभ करते. शार्कांमध्ये इतके लहान अंडे क्वचितच कुठे असेल. पण मग ती वारेतून पिल्लांना आपले रक्तच पुरवते, पाच-सहा महिन्यांत त्यांना जन्म देते आणि एका वेळी वीसपर्यंत पिल्ले होऊ शकतात. खोल पाण्यातल्या मुशीची रीत उलटी. तिचे अंडे कोंबडीच्या अंड्याच्या कितीतरी पट मोठे. पिल्लाला लागणारी सारी शिदोरी ती आधीच त्यात बांधून देते. त्या थंड, अंधाऱ्या, अन्नाच्या तुटवड्याच्या प्रदेशात अशी शिदोरी साठवायला वेळ लागतो. म्हणून बहुतेक जातींत एका वेळी एक, फार तर दोन पिल्ले, गर्भारपण सुमारे दोन वर्षांचे, आणि मादी वयात यायलाच दहा वर्षांहून अधिक काळ.

खोल समुद्रात काळाची गती अशीच मंद असते. उत्तर ध्रुवाजवळच्या पाण्यातल्या ग्रीनलंड शार्कच्या डोळ्यातील भिंगाचा अभ्यास करून २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्याचे वय मोजले. सर्वांत मोठी मादी किमान २७२ वर्षांची निघाली, आणि सर्वाधिक संभवनीय अंदाज ३९२ वर्षांचा होता. ही जात प्रजननक्षम होते तीच मुळी दीडशेव्या वर्षाच्या सुमारास. त्या अंदाजाने हिशेब केला तर १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजांनी आमच्या चौकचा धारावी किल्ला घेतला, तेव्हा ही मादी शंभरी ओलांडलेली असूनही अजून वयात आली नव्हती! उलट सारेच खोलवरचे शार्क प्रचंड असतात असेही नाही. मन्नारच्या आखातात एक जात विपुल सापडते. ती पूर्ण वाढली तरी वीतभरच असते आणि तिलाही एक-दोनच पिल्ले होतात.

या काट्याच्या मुशीला लोक पकडतात ते मांसासाठी कमी आणि यकृतासाठी अधिक. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी लहानपणी शार्कोफेरॉल घेतले असेल. बडोद्याच्या अलेंबिकचे ते टॉनिक आई रोज सकाळी एक चमचा भरवी आणि मी नाक दाबून गिळत असे. शार्कच्या तेलाला औषधाच्या कपाटात मानाची जागा मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४० साली जर्मनीने नॉर्वे व्यापला आणि तिकडून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले. तेव्हा मद्रास, त्रावणकोर आणि मुंबई येथे आपल्याच समुद्रातल्या शार्कच्या यकृतातून अ जीवनसत्त्वाचे तेल काढण्याचे काम सुरू झाले. १९४७ साली हे जीवनसत्त्व कारखान्यात तयार करण्याची रीत निघाली आणि शार्कच्या तेलाची ती निकड हळूहळू ओसरली. रसायनशास्त्राने न मागता केलेली ही भूतदया.

परंतु खोल पाण्यातल्या मुशीच्या तेलात आणखी एक पदार्थ असतो. जपानच्या मित्सुमारू त्सुजिमोतो या रसायनशास्त्रज्ञाने तो विसाव्या शतकाच्या आरंभी शोधून काढला आणि १९१६ साली त्याला स्क्वालीन असे नाव दिले. लॅटिनमध्ये स्क्वालस म्हणजे शार्क. हा पदार्थ आपल्याही शरीरात असतो, आपल्या त्वचेवरच्या तेलकटपणात त्याचा चांगला वाटा असतो. पण काट्याच्या मुशीच्या यकृतात तो भरभरून सापडतो, आणि ते यकृत तिच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढे, कधी त्याहूनही अधिक असते. चेहऱ्याला लावायच्या मलमांत हे स्क्वालीन वापरले जाते. काही लशींमध्येही ते घालतात, कारण त्याच्या सान्निध्यात शरीर लशीला अधिक जोमाने प्रतिसाद देते. अशी एक फ्लूची लस इटलीत १९९७ पासून वापरात आहे. २०२० साली करोनाच्या लशींची तयारी सुरू झाली तेव्हा या मुशीचे काय होणार, ही चर्चा जगभर झाली. म्हाताऱ्या माणसाचा जीव वाचवणारी लस आणि सुरकुती लपवणारे मलम यांना मी एका तागडीत तोलणार नाही. पण समुद्राच्या दृष्टीने दोन्हींची किंमत एकच: एक आई आणि दोन वर्षांचे एक पिल्लू.

हा व्यवहार किती लवकर आटोपतो ते मालदीवमध्ये दिसले. तिथे १९८० साली तेलासाठी या मुशीची मासेमारी सुरू झाली, दोन-तीन वर्षांत कळसाला पोहोचली, आणि वीसएक वर्षांत पकडायला जवळजवळ काही उरले नाही. बरे, मुशी आणखी खोल जाऊन लपेल म्हणावे, तर तेही नाही. समुद्राची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून अधिक आहे, पण तीन हजार मीटरांच्या खाली शार्क जवळजवळ नाहीतच. एवढे तेलकट यकृत पोसायला लागणारे अन्न तिथवर पोहोचत नाही, असे शास्त्रज्ञ त्याचे एक कारण सांगतात. जे यकृत तिला तरंगत ठेवते, तेच तिला खालचा आसराही नाकारते. २०२५ च्या अखेरीस समरकंद येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या मुशीच्या व्यापारावर नियंत्रण आणण्याचे ठरले. उशिरा का होईना, ठरले. शिवाय स्क्वालीन ऑलिव्हच्या तेलातून मिळते, आपल्या उपवासाच्या राजगिऱ्याच्या तेलातही असते, आणि मलमांना लागणारे त्याचे भावंड उसाच्या साखरेवर वाढवलेल्या यीस्टपासून बनवता येते. ज्या महाराष्ट्रात उसाचे एवढे राजकारण होते, तिथे हा उपयोग कोणाच्या फारसा कानावर नाही.

इथपर्यंत सारे सोपे आहे. पुस्तक वाचावे, हळहळावे आणि मुशीची बाजू घ्यावी. पण कोचीनच्या धक्क्यावर ती मुशी ज्याने आणली होती तो माणूसही माझ्यासमोर उभा होता.

माझ्याच वयाचा. गळ्यात क्रूस, बोटांच्या पेरांवर दोराने कापल्याचे जुने वण. मी पाद्री आहे हे कळताच त्याने आधी नौकेला आशीर्वाद द्यायला सांगितले, मग बोलू लागला. माझा सोबती त्याचे तमिळ मला समजावून देत होता. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी वादळ उठले तेव्हा तो भर समुद्रात होता. दिवस-रात्र लाटांवर फेकले जात त्याची नौका अखेर उत्तरेकडे लागली ती आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला. त्या वेळी तिथे ६८ नौका आणि ९५२ मच्छीमार सुखरूप पोहोचल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती, ती मला आठवली. "तुमच्या लोकांनी आम्हाला भात दिला, कपडे दिले," तो म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या नौकेवर होता. ती नौका कुठल्याच किनाऱ्याला लागली नाही.

मी त्याला विचारले, ही मुशी पूर्वीइतकी मिळते का? तो हसला. "पूर्वी जिथे दोर सोडत होतो तिथे आता काही नाही, फादर. दरवर्षी आणखी दूर जातो, आणखी खोल सोडतो." मग त्याने पाण्याकडे बोट दाखवले. "घरी दोन कुटुंबे आहेत. माझे, आणि भावाचे." मी आशीर्वाद दिला. पवित्र पाणी नौकेच्या नाळेवर शिंपडले, तिथेच खाली डेकवर एक निळा पिंप होता आणि त्यात यकृते भरली होती. काही थेंब त्याच्यावरही पडले असतील.

शार्कच्या शरीरात डोकावणारा मी काही पहिला पाद्री नव्हे. गोरेगावच्या सेमिनरीत असताना निल्स स्टेन्सन यांचे नाव प्रथम कानावर आले. निकोलस स्टेनो या लॅटिन नावाने ते अधिक परिचित आहेत. कोपनहेगनला १६३८ साली जन्मलेला हा शरीररचनाशास्त्रज्ञ. १६६६ च्या ऑक्टोबरात लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला आणि टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने त्याचे डोके फ्लॉरेन्सला स्टेनो यांच्याकडे धाडले. डोके चिरता चिरता त्यांच्या ध्यानात आले की, डोंगरातल्या खडकांत सापडणारे आणि लोक ज्यांना सर्पजिव्हा वगैरे समजत ते दगड म्हणजे प्राचीन शार्कांचे दात आहेत. भूगर्भशास्त्राचा पाया या निरीक्षणातून घातला गेला, हे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. कमी सांगितली जाते ती दुसरी गोष्ट. त्यानंतर त्यांनी पिल्लांना जन्म देणाऱ्या एका लहान मुशीचे विच्छेदन केले, आणि त्यावरून १६६७ साली लिहिले की, स्त्रीच्या शरीरातल्या ज्या अवयवांना तोवर वृषण म्हणत, ती खरे तर अंडाशये आहेत. माणसाची आई आणि मुशीची आई यांच्यातले नाते शास्त्रात मांडले गेले ते असे, मुशीच्या पोटातून. त्याच वर्षी स्टेनो कॅथलिक झाले, १६७५ साली धर्मगुरू, १६७७ मध्ये बिशप, आणि २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. संशोधन त्यांनी पुढे जवळजवळ सोडून दिले, याची मला नेहमीच थोडी चुटपुट लागते.

मावशीच्या मुशीचे कालवण जेवून झाल्यावर त्याच संध्याकाळी मी धक्क्याकडे फिरायला गेलो. बांबूला बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. एक वृद्ध तांडेल जाळे विणत बसला होता. त्याचे आणि माझे जमते, कारण मी त्याला उपदेश करत नाही आणि तो मला. मी त्याला कोचीनच्या मुशीची हकीकत सांगितली. तिचे हिरवे डोळे, काटे, तेल, सारे सांगितले. तो ऐकत होता, हात चालू होते. दोन वर्षांनी एक पिल्लू, असे म्हणताच हात थांबले.

"एकच?"

"एकच. फार तर दोन."

"मग बंदी किती दिवसांची ठेवायची तिला?" त्याने विचारले. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात ६१ दिवस मासेमारी बंद असते, आणि बंदीवर त्याची ठाम मते आहेत. परप्रांतीय ट्रॉलरवाले ती मोडतात यावर तो तासभर बोलू शकतो. बंदीनंतर जाळ्यात काय येते ते त्याने आयुष्यभर पाहिले आहे, म्हणून समुद्राला विसावा हवा हे त्याला कोणी शिकवायची गरज नाही. मी म्हणालो, दोन महिन्यांत तिचे काही होणार नाही, तिला वर्षानुवर्षे सोडून द्यावे लागेल.

त्याने मान हलवली. सुई पुन्हा जाळ्यात घातली, एक गाठ मारली, दुसरी मारली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरोबर हाय, फादर. सोडायलाच पायजे." आणि थोड्या वेळाने, "पण तो तुमचा मद्रासकडचा माणूस, दोन घरं चालवतो म्हणालात ना? तो तेवढी वर्षं काय करल?"

समुद्रावर अंधार पडत होता. दूरवर बोयांवरचे दिवे लागले होते. मी त्याच्या शेजारी जाळ्याचे एक टोक धरून बसलो.